अंदमानातलं डराव डराव

गोरेगाव (पूर्व), मुंबई
28 जून

प्रिय मिलिंद,

अंदमानातून तुझं पत्र मिळालं, आणि फोनवर पाठवलेलं बेडकांच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही. "ऐक, आरेतला पाऊस इथे भेटला!" असं लिहिलंयस. रात्री दिवा मालवून तीनदा ऐकलं. शाळेतून येताना आरे कॉलनीतल्या तबेल्यामागच्या खड्ड्याशी आपण दप्तरं डोक्यावर धरून उभे राहायचो, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. पहिल्या जोरदार पावसात लिंबासारखे पिवळेधमक झालेले नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगणाऱ्या निळ्या पिशव्या, आणि ते पोटातून येणारं डराव डराव. तुला घरची आठवण आली यात नवल नाही. मलाही आली, तुझी.

पण मिलिंद, तो आवाज तिथला नाही. हे तुला सांगायलाच हवं म्हणून आज लिहायला बसलो.

हा बेडूक, म्हणजे इंडियन बुलफ्रॉग, आपल्या मुख्य भूमीचा. अंदमानात तो माणसाच्या हातून गेला, बहुतेक मत्स्यबीजाबरोबर. पिशवीत माशांच्या पिल्लांसोबत याचे बेडूकमासे असले तर कोण निवडून काढणार? आणि हे बेडूकमासे साधे नव्हेत, ते दुसऱ्या बेडकांचे बेडूकमासे खातात. अंदमानातच संशोधकांनी तिथल्या दोन जातींची पिल्लं याच्या पिल्लांबरोबर ठेवून पाहिली, तर स्थानिक पिल्लांपैकी एकही जगलं नाही. त्या दोन्ही जाती फक्त अंदमानातच सापडतात. तिथून गेल्या की संपल्या.

खाण्याचं हे तरी डोळ्यांना दिसतं. मी गेला महिनाभर विचार करतोय तो आवाजाचा.

परवा रात्री साडेदहाला पाऊस थांबल्यावर सोसायटीच्या मागच्या पडीक जागेत बॅटरी घेऊन गेलो. दहा-बारा मोठे बेडूक पाण्यात ओरडत होते. काठाच्या गवतातून मात्र वेगळाच आवाज येत होता, कंगव्याच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवावं तसा. बराच वेळ शोधल्यावर दिसला. नखाएवढा, तपकिरी, पाठीवर नक्षी, आणि गळ्याखालचा फुगा जवळजवळ स्वतःएवढा. मी गुडघ्यावर बसून दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकायचा प्रयत्न केला आणि आश्चर्य म्हणजे ऐकू आले. एक खाली, जाड. एक वर, बारीक, करकरीत. शिवाय मोठ्यांचा हा जल्लोष पहिल्या पावसातल्या थोड्याच रात्रींचा, छोटा पावसाळाभर बोलत राहतो. सकाळच्या ठरलेल्या लोकलमध्ये रोजची माणसं न सांगता आपापल्या जागी उभी राहतात ना, तसंच. या दोघांना एकमेकांची सवय व्हायला हजारो वर्षं मिळाली आहेत. तुझ्याकडच्या बेडकांना ती मिळालेली नाहीत.

असा नवखा मोठा आवाज मध्ये घुसला की काय होतं, हे ब्राझीलमध्ये तपासलं गेलंय. अमेरिकन बुलफ्रॉग तिथे माणसांनी पाळायला नेला आणि तो रानात सुटला. संशोधकांनी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज तिथल्या एका झाडबेडकाच्या नरांना ऐकवला. 2012 साली ते प्रसिद्ध झालं. त्या नरांनी लगेच आपली पट्टी वर चढवली. आवाज बंद केल्यावरही ती खाली आली नाही, उलट प्रत्येक हाक आखूडही झाली. मी इथे वाचताना थांबलो. बेडकांच्या बऱ्याच जातींत जाड आवाज म्हणजे मोठा, दमदार नर, आणि मादी आवाज ऐकूनच निवड करते. मग आपली हाक पोचावी म्हणून पट्टी चढवणारा नर मादीच्या कानाला लहान आणि किरकोळ वाटू शकतो. काहीही केलं तरी त्याचंच नुकसान.

फ्लोरिडातही असंच आहे. क्युबाहून आलेल्या झाडबेडकाचा आवाज तिथल्या हिरव्या झाडबेडकाच्या आवाजाशी मिळताजुळता. त्यामुळे हिरवा बेडूक आखूड आणि मोठ्यानं ओरडू लागला. त्याच तळ्यावरच्या दुसऱ्या एका जातीचा सूर मुळातच निराळा, तिनं फारसं काही बदललं नाही. म्हणजे ज्याचा सूर पाहुण्याच्या सुराला लागून, त्यालाच झळ जास्त.

मोठ्यानं ओरडणं फुकट नसतं. विसर्जनाच्या दिवशी शेजारच्याशी दोन वाक्यं बोलून आपला घसा बसतो; ते तर रात्रभर ओरडतात. बेडकाच्या आयुष्यात साद घालण्याइतकी दमछाक करणारी कामं फार थोडी असतात. ती शक्ती कुठून तरी वजा होणारच.

तुझ्या पत्रातल्या आनंदावर पाणी टाकायचं नाही मला. कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर कोकी नावाचा एवढासा बेडूक आहे. को-की असं ओरडतो. 'को' दुसऱ्या नरांना दटावायला, 'की' मादीला बोलवायला. तिथल्या लोकांचा तो जीव की प्राण, त्यांची ओळखच. तोच 1980च्या दशकाच्या अखेरीस नर्सरीतल्या झाडांबरोबर हवाईत पोचला. हवाईत मुळात एकही स्थानिक बेडूक नव्हता, तिथल्या रात्री वेगळ्या होत्या. आता त्याची हाक जवळून 90 डेसिबलपर्यंत जाते आणि लोक झाडांवर सायट्रिक आम्लाचे फवारे मारतात. बेडूक तोच, सूर तोच. म्हणून तुला तो आवाज ऐकून भरून आलं यात काही चूक नाही. दोष बेडकाचाही नाही, तो त्याला येतं तेच करतोय.

आता एक काम सांगतो. तुझ्या घरमालकांनी मागच्या तळ्यात मासे सोडायचं ठरवलंय असं लिहिलं होतंस. मत्स्यबीज आलं की पिशवी तशीच तळ्यात उलटी करू देऊ नकोस. आधी पसरट टबात ओतून बघा. माशाच्या पिल्लात आणि बेडूकमाशात फरक कळतो, डोकं-पोट एकच गोल आणि मागे शेपूट. एकही दिसला तर काढा. आणि एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात नेऊ नका.

दुसरं म्हणजे, जिथे हे डराव अजून पोचलेलं नाही अशी जागा तुझ्या आसपास असेल तर पाऊस पडल्यावर रात्री तिथे जा आणि दहा मिनिटं फोन चालू ठेव. स्वतः बोलू नकोस. मला ती रात्र ऐकायची आहे. मी आजन्म आरेचाच पाऊस ऐकत आलो. अंदमानातला पाऊस स्वतःच्या आवाजात कसा बोलतो, मला माहीत नाही.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण पाऊस आला की खिडकीशी खुर्ची ओढून बसते. तुझं रेकॉर्डिंग तिलाही ऐकवलं. "हा आपल्या तबेल्यामागचाच," म्हणाली. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
अविनाश