वजनाच्या ॲपला माणसाची जोड हवी

महोदय,

मिरजेत एका आहारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी नोंदी ठेवते आणि पेशंटना फोन करते. वजन उतरवायला येणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये हल्ली ॲप असतंच, बऱ्याच जणांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टाही. माझा त्याला विरोध नाही. सुरुवातीला उपयोग होतोच. पावलं थोडी कमी भरली तर माणूस जेवणानंतर गल्लीत एक चक्कर मारून येतो. घोडं अडतं ते पुढे.

बरीच ॲप सलग किती दिवस नेम पाळला ते मोजतात. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, हात पिठात म्हणून पट्टा फडताळात. बाई दिवसभर उभी, पण ॲपच्या हिशेबी शून्य. एका काकूंनी तो शून्य बघून ॲपच काढून टाकलं. फोन केला तर म्हणाल्या, "आता पहिल्यापासून कोण करत बसणार गं?" काट्यावर उभं केलं तर वाढ जेमतेम अर्ध्या किलोची! खारट खाणं, पाळी, अंगातलं पाणी यांनी एवढा फरक एका दिवसातही पडतो. म्हणून आम्ही रोजचं वजन न दाखवता आठवड्याची सरासरी दाखवतो.

ताटाचे फोटोही व्हॉट्सॲपवर येतात. त्यात भाकरी दिसते, वांग्यातलं दाण्याचं कूट आणि तेल दिसत नाही. "घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं?" असं गप्पांच्या ओघात विचारलं की खरा हिशेब कळतो.

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाने साडेचारशेहून अधिक तरुणांवर दोन वर्षं केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. आहार, व्यायाम, फोनवरचा सल्ला दोन्ही गटांना होता; एका गटाला वर पट्टाही दिला. पट्टेवाल्यांचं वजन सरासरी 3.5 किलो उतरलं, बिनपट्टेवाल्यांचं 5.9 किलो. पट्टा टाकाऊ, असा अर्थ मी काढत नाही. पण नुसता पट्टा बांधून उत्साह टिकत नाही, एवढं नक्की. आणि ते 10,000 पावलांचं प्रस्थ तर 1965 मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रापासून सुरू झालं. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजींना तोच आकडा कशाला?

कर्मचाऱ्यांना पट्टे वाटणाऱ्या कंपन्यांनी त्यातले थोडे पैसे फोन करणाऱ्या माणसाच्या पगारासाठी ठेवावेत. ॲपवाल्यांनी मराठीत 'आज सण', 'आज आजारी' अशी सोय द्यावी, म्हणजे सलग दिवसांची मोजणी तुटणार नाही. आणि आठवणीचे संदेश सकाळी सातला पाठवू नयेत. तेव्हा घरोघरी डबे भरायची घाई असते. मी फोन दुपारी तीननंतर करते, तेव्हा बायका निवांत बोलतात.

- एक वाचक, मिरज