आधी वायर लावून मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून आमच्या माडीवरच्या, वायफायवर चालणाऱ्या टीव्हीचं एकच रडगाणं होतं. रात्री साडेआठ वाजले की चित्र थांबायचं आणि मधोमध ते गोल फिरायला लागायचं. तक्रार केली. इंटरनेट कंपनीच्या माणसाने माडीचा जिनाही न चढता ‘काकू, प्लॅन वाढवा’ म्हणून सांगितलं. ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट वेगाचा) प्लॅन १०० चा केला, महिन्याला तीनशे रुपये जास्त. गोल फिरायचं ते फिरतच राहिलं.

मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. शेवटी वही काढली. नातवाने लॅपटॉप वायरने राउटरला (घरात वायफाय पसरवणाऱ्या डब्याला) जोडून दिला, वेगाचा आकडा आला ९४. वायर काढून वायफायवर त्याच खोलीत ३८. स्वयंपाकघरात १९. माडीवर टीव्हीजवळ ४, कधी ३. म्हणजे दारापर्यंत माल पुरेपूर येत होता, तूट घरातच होती.

आमचा वाडा जुना, खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड हात जाड. केबल माजघराच्या खिडकीतून आत आली म्हणून राउटर तिथल्याच कोनाड्यात, आणि पुढ्यात लोखंडी कपाट. त्यात तो नुसता २.४ गिगाहर्ट्‌झचा. रेडिओ लहरींच्या या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर पाहिलं तर आसपासची सतरा वायफाय, त्यातली नऊ ६ नंबरवर! जेवणं उरकून सगळी पेठ टीव्हीपुढे बसली की काय होणार? मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. सूनबाईने भाजी गरम करायला ठेवली की माझा व्हिडिओ कॉल का अडखळतो, तेही तेव्हा कळलं. ५ गिगाहर्ट्‌झच्या दुसऱ्या पट्ट्याला वेग जास्त, गर्दी कमी. पण जाड भिंतीपुढे तो २.४ पेक्षाही लवकर दमतो.

आणि लागतं किती? फुल एचडीला ५ आणि फोरकेला १५ एमबीपीएस पुरतात, असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं. आमचा जुना ५० चा प्लॅन दोन टीव्हींनाही भरपूर होता.

शेजारचे एक गृहस्थ तर ‘शंभर सांगून बारा देतात’ म्हणून भांडून आले. प्लॅनचा आकडा मेगाबिटचा, फाइल उतरताना मोबाइलवर दिसतो तो मेगाबाइटचा. आठाने भागायचं: शंभराचे साडेबारा. सहावीतल्या मुलाला जमेल असं गणित, पण पत्रकावर छापायला कोणाला सुचत नाही. (मॅच चालू असताना डिशवाल्या घरातला विकेटचा गलका आमच्या टीव्हीवर चेंडू पडायच्या आधी ऐकू येतो, तो मात्र दोष नव्हे. ऑनलाइन प्रक्षेपण मुळातच काही सेकंद मागे असतं. ह्यांना हे पटवायला दोन मॅच लागल्या.)

दुकानदार रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) गळ्यात मारत होता. साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, त्यात वेग निम्म्यावर येतो. टीव्हीजवळ लावला असता तर आमच्या चाराचे दोन झाले असते. मी नको म्हटलं. वायरमनकडून जिन्याच्या कडेने वीस मीटर लॅन केबल ओढून घेतली आणि थेट टीव्हीत खोचली. केबल आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं. त्या रात्रीपासून ते गोल दिसलेलं नाही. प्लॅन पुन्हा ५० वर आणला आहे.

कंपन्यांकडे मागणी एवढीच, की मोठा प्लॅन सुचवण्याआधी त्यांच्या माणसाने ग्राहकासमोर वायर लावून एकदा आणि टीव्हीजवळ वायफायवर एकदा वेग मोजावा, आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून द्यावेत. राउटर फक्त २.४ चा आहे की दोन्ही पट्ट्यांचा, हेही मराठीत लिहावं. सहा महिन्यांचे जास्तीचे अठराशे रुपये परत मिळावेत म्हणून मी वहीच्या पानाची झेरॉक्स जोडून अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.

– एक निवृत्त गणित शिक्षिका,
मंगळवार पेठ, सातारा