आधी वजन सांगा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि उत्तर लिहिल्याशिवाय चैन पडेना. नवी मियाटा, म्हणजे माझदाची ती दोन सीटची, उघड्या छताची एमएक्स-५, येणार म्हटल्यावर तू असा हिरमुसशील असं वाटलं नव्हतं. "आता बॅटरी कोंबणार आणि सगळं संपणार," असं लिहितोस आणि पुढच्याच पानावर तीनशे अश्वशक्तीची टर्बो मियाटा मागतोस, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा लावलेली. या दोन्ही गोष्टींवर मला तुझ्याशी भांडायचंय. तुझी दुसऱ्या पिढीची एनबी विकून सध्याची, चौथ्या पिढीची एनडी घ्यावी की नवीसाठी थांबावं, हे तू विचारलंयस. त्याकडे शेवटी येते.

आधी बॅटरी. माझदाच्या तांत्रिक प्रमुखांनी २०२५ मध्ये पत्रकारांना सांगितलं की पुढच्या एमएक्स-५ मध्ये पेट्रोल इंजिनच असेल, अडीच लिटरचं, स्कायॲक्टिव्ह-झेड मालिकेतलं. मॅन्युअल गिअर ठेवायचा आहे, लांबी चार मीटरच्या आत आणि वजन एक टनाच्या आत बसवायचं आहे, असंही त्यांची माणसं बोलून दाखवतात. हे उद्दिष्ट आहे, वचन नव्हे, हे मलाही कळतं. पण ज्या काळात प्रत्येक नवी गाडी आधीच्यापेक्षा लठ्ठ होऊन येते, त्या काळात कुणी उघडपणे "एक टन" म्हणतं, याचंच मला कौतुक वाटतं.

अडीच लिटर ऐकून तुझे डोळे चमकले असतील. जरा थांब. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमकं असेल तेव्हाच एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळे घातक वायू एकाच वेळी साफ करू शकतो. पण ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की आजवरची बरीचशी इंजिनं मुद्दाम जादा पेट्रोल सोडतात. त्या जादा पेट्रोलने आतली उष्णता आटोक्यात राहते, व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर भाजून निघत नाहीत, थोडी ताकदही वाढते. धूर मात्र घाण होतो. नव्या इंजिनात हे प्रमाण होता होईल तो सगळीकडे नेमकं ठेवायचं आहे, आणि त्यात जी ताकद हातची जाईल ती मोठ्या सिलिंडरने भरून काढायची आहे. म्हणून अडीच लिटर म्हणजे लगेच दणकट आकडा असं समजू नकोस. माझा अंदाज असा, की ताकद आजच्या १८४ पीएसपासून (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) फार लांब जाणार नाही. त्याचं मला काही वाटत नाही. मला धास्ती आहे ती ७,५०० आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची. २०१९ च्या मॉडेलपासून एनडीचं दोन लिटरचं इंजिन तिथवर काय झपाट्याने चढतं! पिस्टन मोठे आणि जड झाले की तो चटपटीतपणा टिकवणं कठीण जातं. या इंजिनाविषयी मला काही विचारायचं असेल, तर ते हेच.

आता तुझ्या टर्बोकडे वळते. टर्बो आला की मागोमाग ती हवा थंड करणारा इंटरकूलर येतो, मोठा रेडिएटर येतो, इंजिनाचा जादा पीळ, म्हणजे टॉर्क, झेलणारा जाड गिअरबॉक्स येतो. मग वेग वाढला म्हणून मोठे ब्रेक, ते मावावेत म्हणून मोठी चाकं, रुंद टायर, त्या सगळ्याला पेलणारं मजबूत सस्पेन्शन. एवढं सगळं चढल्यावर गाडी जड वाटायला लागते, आणि जड वाटते म्हणून पुन्हा ताकद वाढवावीशी वाटते. कितीतरी चांगल्या स्पोर्ट्स कार अशाच फुगत गेल्या. प्रत्येक पिढीत कुणीतरी फक्त थोडंसं जास्त मागितलं, एवढंच.

मियाटाने हे चक्र उलटं फिरवलं, आणि म्हणूनच माझा तिच्यावर जीव आहे. १९८९ ची पहिली एनए जपानात ९४० किलोंची होती. तिसरी पिढी, २००५ ची एनसी, अकराशे किलोंच्या जवळ जाऊन पोहोचली. आता पुढची आणखी मोठी होणार, असंच सगळे धरून चालले होते. आणि सप्टेंबर २०१४ मध्ये एनडीवरचा पडदा दूर झाला तेव्हा ती एनसीपेक्षा जवळपास शंभर किलोंनी हलकी निघाली, लांबीला तर पहिल्या एनएपेक्षाही आखूड, ३,९१५ मिलिमीटर. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे केले. चाकाला पाच नट असायचे तिथे चार केले. यावर मी नेहमी अडते. गाडी हलकी झाली म्हणून चार नट पुरतात, आणि चार नट लावले म्हणून गाडी आणखी थोडी हलकी होते. तुझ्या टर्बोचं चक्र इथे उलट्या दिशेने फिरलं. पुढे जपानात एक खास मॉडेल काढलं, त्याचं नावच ९९०एस, कारण वजन ९९० किलो. वजनाचा आकडा अभिमानाने नावात मिरवणारी दुसरी गाडी मला तरी आठवत नाही.

तू म्हणशील, ही सगळी कंपनीची मर्जी, आपल्या मागण्यांना विचारतंय कोण? तर विचारतात. फोर्डची गोष्ट तुला माहीत असेलच, तरी पुन्हा सांगते. ऐंशीच्या दशकात फोर्डने आपल्या मस्टँग या स्पोर्ट्स कारच्या जागी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणायचं ठरवलं होतं, तीही माझदाच्याच पायावर बांधलेली. १९८७ मध्ये ही बातमी बाहेर फुटली आणि चाहत्यांनी फोर्डवर पत्रांचा भडिमार केला. मस्टँग म्हणजे आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, दुसरं काही चालणार नाही! फोर्डला माघार घ्यावी लागली. ती नवी गाडी प्रोब या नावाने वेगळी विकली आणि मस्टँग मस्टँगच राहिली. कागदावर लिहिलेल्या पत्रांनी झालंय हे.

आणि मियाटाचा जन्म तरी कसा झाला? बॉब हॉल हा अमेरिकेतला मोटारींवर लिहिणारा पत्रकार. १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोतो यांनी त्याला विचारलं, आम्ही पुढे कोणती गाडी बनवावी? तो म्हणाला, साधी, हलकी, उघड्या छताची, मागच्या चाकांवर चालणारी. ब्रिटिश रोडस्टर तेव्हा अखेरच्या घटका मोजत होते. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर दोन्हींचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. हॉल पुढे माझदातच गेला. मग गाडीच्या रचनेवरून कंपनीच्या दोन स्टुडिओंमध्ये चुरस लागली. टोकियोवाल्यांचे प्रस्ताव होते पुढचं इंजिन-पुढची चाकं आणि मधलं इंजिन-मागची चाकं. कॅलिफोर्नियावाल्यांनी पुढचं इंजिन आणि मागची चाकं हाच हट्ट धरला, आणि तेच जिंकले. पहिला चालता नमुना इंग्लंडमध्ये बांधून घेतला आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या रस्त्यांवर गुपचूप फिरवला, तर लोक मागे लागले, ही गाडी कुठे मिळेल म्हणून. एका माणसाने मनापासून मागितलेल्या गोष्टीच्या २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या बनल्या, सुहास! म्हणून आपण काय मागतो ते जपून मागायला हवं. आपण सगळ्यांनी तीनशे अश्वशक्तीचा घोष लावला आणि त्यांनी तो ऐकला तर?

बॅटरीबद्दल तुझी भीती निराधार आहे असं मात्र म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोत माझदाने आयकॉनिक एसपी नावाची संकल्पना-गाडी दाखवली. लाल, बुटकी, अंगाला कुठे कोपरा नाही, नजर हटत नाही अशी. आत पिस्टनऐवजी दोन फिरत्या रोटरचं इंजिन, ते वीज तयार करणार आणि गाडी विजेवर चालणार. ३७० पीएस. सगळे त्या आकड्यावर भाळले. माझी नजर पुढच्या आकड्यावर गेली, १,४५० किलो. आजच्या मियाटापेक्षा जवळपास चारशे किलो जास्त, म्हणजे दोनच सीटच्या गाडीत पाच धडधाकट माणसं कायमची बसवल्यासारखं. ती गाडी म्हणून बनवा, जरूर बनवा, माझदाच्याच जुन्या रोटरवाल्या आरएक्स-७ ची वारस म्हणा. तिला मियाटा म्हणू नका. तिच्या अंगावरच्या रेषा मात्र नव्या मियाटात उतरल्या तर मला आनंदच होईल. दारावरून मागच्या चाकाकडे उतरणारी ती वळणदार पाठ बघ एकदा निवांतपणे.

संगणकावर काढलेली काल्पनिक चित्रं तू पाठवलीस, त्यांतल्या निम्म्यांत पॉप-अप हेडलाइट आहेत. माझंही मन तिथेच अडकलंय, पण ते दिवे परत येणार नाहीत. पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेटवर कमीत कमी इजा व्हावी असे नियम आहेत, आणि वर उघडून उभी राहणारी कडक चौकट त्यात बसवणं फार अवघड. २००४ मध्ये सी-५ कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट बंद झाल्या आणि ती परंपरा संपली. त्यासाठी नव्या गाडीवर रागावू नकोस. १९९७ मध्ये पोर्शने ९११ चे गोल दिवे काढून ओघळलेल्या अंड्यासारखे दिवे लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पुढच्या पिढीत गोल दिवे परत आले. चेहरा सुधारता येतो. इंजिन कुठे बसवलंय, बसायची जागा किती खाली आहे, गिअरबॉक्स आणि दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शिअल एकमेकांना कसे जोडलेत, हे एकदा चुकलं की पिढी संपेपर्यंत भोगावं लागतं.

म्हणून पडदा उघडेल त्या दिवशी मी चेहरा नंतर बघणार. आधी वजन, मग लांबी, मग टायरची रुंदी. टायर एनडीच्या दोन लिटर मॉडेलच्या २०५ पेक्षा फार रुंद दिसले तर समजायचं की पकड वाढवून टाळ्या मिळवायच्या आहेत. अरुंद टायर माफक वेगातही हळूहळू सुटत जातो, मागचा भाग जरासा सरकतो, स्टिअरिंगमधून तुम्हाला ते आधी कळतं, आणि तुम्ही सावरता. हे साध्या रस्त्यावर, साध्या वेगात घडलं पाहिजे. नुसत्या रेसट्रॅकवर घडून काय उपयोग? चाकाच्या नटांकडेही बघेन. पुन्हा पाच दिसले तर मला वाईट वाटेल.

इलेक्ट्रॉनिक्सला माझा सरसकट विरोध नाही, हेही सांगते. एनडीत अलीकडे वळणावर मागचं आतलं चाक अगदी हलकेच ब्रेक करणारी युक्ती घातली, त्यामुळे गाडीची पाठ खाली दाबली जाते आणि झुकणं कमी होतं. वजनात एका ग्रॅमचीही भर नाही, फक्त प्रोग्रॅम बदलला. अशी हुशारी हवी तेवढी चालेल. डॅशबोर्डवरचा मोठा स्क्रीन आणि त्यात लपवलेली एसीची बटणं मला नकोत. थंडीत छत उघडं ठेवून, हातात मोजे घालून चालवायची गाडी आहे ती.

आता तुझी एनबी. विकू नकोस. एनडी २०१५ मध्ये आली, पण ती खरी बहरली २०१९ मध्ये, जेव्हा ताकद वाढली आणि स्टिअरिंग पुढेमागे सरकवता यायला लागलं. २०२४ मध्ये नवं डिफरन्शिअल आणि सुधारलेली स्टिअरिंग रॅक आली, तेव्हा ती आणखी एक पायरी चढली. नवी गाडी उद्या दाखवली तरी ती पिकायला अशीच काही वर्षं जातील, आणि पहिल्या वर्षाचा माल घ्यायची घाई तू करू नयेस. तोवर गॅरेज रिकामं ठेवून वाट बघण्यात काय सुख आहे? एनडी घ्यायचीच असेल तर पैसे साठव आणि २०२४ नंतरची घे, पण एनबीच्या बदल्यात नाही. स्टिअरिंगमधून रस्ता कसा कळतो, हे तू तिच्याकडून शिकलायस. नव्या गाडीला जोखायचं माप तुझ्या दारातच उभं आहे.

फक्त एक कर. या सुट्टीत तिला जॅकवर घे आणि पुढच्या चासी रेल, म्हणजे गाडीच्या तळाचे लांब पोकळ दांडे, खालून नीट तपास. एनबीत तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि आतून गंज धरतो, बाहेरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐक, बद्द वाटला तर लगेच पत्रा बदलून घे. दारांखालच्या सिलमध्ये, मागच्या चाकाच्या बाजूला, पाणी जायची भोकं असतात, तीही मोकळी कर. फोटो पाठव, मला बघायचेत. आणि उलट टपाली हेही लिही, की टर्बोशिवायची, १८० अश्वशक्तीची, एक टनाच्या आतली मियाटा समोर आली तर तू खरंच तोंड फिरवशील का?

वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
शर्वरी