गाडी थांबवायला जागा द्या, साहेब

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दहिसरचा. माझे दोन ट्रक वापीहून माल भरून मुंबईत येतात. पंधरा वर्षं हाच धंदा, हाच अहमदाबाद महामार्ग.

मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता मनोरजवळ एका गाडीचा पाटा (चाकांवरची स्प्रिंग) तुटला. माल भरलेला, गाडी जागची हलेना. बाजूला घ्यावी तर काँक्रीट संपलं की थेट चिखल. ड्रायव्हर-क्लीनरने झाडाच्या फांद्या तोडून मागे टाकल्या, दगड मांडले आणि भर पावसात मोबाईलचा टॉर्च हलवत तासभर उभे राहिले. एक टेम्पो वीतभर अंतरावरून गेला. क्लीनर एकोणीस वर्षांचा पोरगा. सकाळी घरी आला तेव्हा ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

साहेब, दहिसर ते अच्छाड काँक्रिटीकरणाच्या काळात आम्ही तासन्‌तास कोंडीत काढले. रस्ता सुधारतोय म्हणून सोसलं. पण गाड्या पळवायची सोय झाली, थांबवायची राहिली. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, ती रास्तच आहे. पण तेवढा वेळ गाडी लावायची कुठे? मग ती कडेला लागते, अर्धी लेनमध्ये. अंधारात मागून येणाऱ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. १९६१ च्या कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांचं काम ठरवून दिलंय. उरलेल्या वेळात तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपतो.

नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. त्याच मायेने एवढं करा: दर वीस-पंचवीस किलोमीटरवर दिवे, पाणी, संडास असलेला ट्रक थांबा, आणि वसईच्या आसपास एक मोठं ट्रक टर्मिनल. चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर तीन लेनच्या दोन होतात. ४ सप्टेंबर २०२२ च्या सायरस मिस्त्रींच्या अपघातानंतर ते सगळ्या देशाला कळलं. अशा अरुंद जागी एखादी गाडी बंद पडली तर काय होईल, याचा विचारही करवत नाही.

आता ७६,२२० कोटींचं वाढवण बंदर येतंय. त्याचे कंटेनर याच महामार्गावर उतरणार. थांब्यांची जमीन आताच आराखड्यात धरा. एकदा कडेला ढाबे आणि गोदामं उभी राहिली की ती मिळणार नाही.

आपला,
एक ट्रकमालक, दहिसर