मॅडम, त्या चाचणीच्या व्हॉल्टबद्दल

मॅडम,

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथं नुसतं मॅडम. जुळे सोलापुरातले ओळखणारे ओळखतीलच.

काम तसं छोटं होतं. चादर-टॉवेलच्या कारखान्यातल्या पाळीच्या नोंदी ऑब्सिडियन या नोंदवहीच्या ॲपमध्ये ठेवायच्या आणि प्लगइननं, म्हणजे त्या ॲपला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामनं, त्यांतून रोजची यादी काढून द्यायची. आधी ज्यांनी पैसे घेऊन ते बनवून दिलं, त्यांचं मराठीबद्दलचं उत्तर ठरलेलं: ‘सगळं इंग्रजीत टाइप करा, मग अडचण येणार नाही.’ म्हणजे प्लगइन नीट चालावं म्हणून मागावरच्या माणसानं लिपी बदलायची! वर देखभालीचं वेगळं बिल.

तुम्ही कोडला हात लावायच्या आधी एक रिकामी व्हॉल्ट, म्हणजे ऑब्सिडियनमधलं नोंदींचं फोल्डर, तयार केलीत आणि तिच्यात स्वतः मराठीत टाइप करून नोंदी भरल्यात. काही फोनवर, काही संगणकावर. त्यांतल्या तीन नोंदींत ‘डिझाईन: पायऱ्या’ एवढी एकच ओळ सारखी. डोळ्यांना तिन्ही एकच, पण प्लगइनच्या यादीत तीन वेगळी डिझाईनं उमटली. हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर पटलंही नसतं. तुमच्या सगळ्या मदतीत आम्हाला मोलाची वाटते ती हीच गोष्ट, की आमच्या भाषेत टाइप करायचे कष्ट तुम्ही घेतलेत.

कारण इतरांच्याही उपयोगाचं आहे. ‘ऱ्या’ तीन प्रकारे टाइप होतो: थेट ‘ऱ’ला हलंत लावून, साध्या ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) आणि हलंत लावून, किंवा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह असा. एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची रीत, पहिले दोन एक करतं. तिसऱ्याला ते हातही लावत नाही. त्यामुळे तुलनेसाठी वेगळी किल्ली, म्हणजे मजकुराची तुलनेपुरती प्रत, बनवायची, आधी एनएफसी करायचं, मग ‘र, हलंत, झेडडब्ल्यूजे’ या जोडणीच्या जागी ‘ऱ, हलंत’ ठेवायचं. हे फक्त त्या किल्लीत. माणसानं लिहिलेला मजकूर प्लगइननं परस्पर ‘सुधारायचा’ नाही, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत.

शब्दमोजणीचंही तसंच. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातल्या) शब्दाची अक्षरं ओळखणाऱ्या \डब्ल्यू या खुणेत देवनागरी बसतच नाही, म्हणून पानभर मजकुराचे शब्द शून्य. त्यावर कुणी युनिकोडची फक्त ‘अक्षर’ ही वर्गवारी वापरली की ‘सोलापूर’चे चार तुकडे होतात, कारण काना-मात्रा-उकार वेगळ्या वर्गात मोडतात. खुणांचा वर्ग आणि झेडडब्ल्यूजे सोबत घेतले की शब्द अखंड राहतो. आणि फोनवर सूचना निवडता निवडता एंटर दाबल्यावर अर्धवट शब्दच जतन होत होता, त्यावर तुमचा उपाय एका ओळीचा: कळ दाबल्याच्या इव्हेंटमध्ये ‘इजकंपोजिंग’ (शब्द जुळवणं अजून चालू) खरं असेल तर काहीही न करता परत फिरायचं.

हजेरी मधूनच गायब व्हायची, त्याचं मूळही तुम्हीच दाखवलंत. जुना कोड फाइल वाचायचा, बदल करायचा आणि सगळी पुन्हा लिहायचा. तेवढ्या वेळात दुसऱ्या फोनवरून सिंक होऊन आलेली भर पुसली जायची. मागच्या मागे बदल करायचा तर ‘व्हॉल्ट.प्रोसेस’, नोंदीच्या माथ्यावरचे गुणधर्म बदलायचे तर ‘प्रोसेसफ्रंटमॅटर’, आणि नोंद समोर उघडी असेल तर एडिटरमार्फतच, नाहीतर लिहिणाऱ्याचा कर्सर भलतीकडे जातो. ॲप उघडताना दर वेळी रखडायचं, तेही यामुळेच की व्हॉल्ट भरताना आधीच्या प्रत्येक फाइलसाठी ‘नवी फाइल’ हा इव्हेंट येतो. तो ऐकायला ‘ऑनलेआउटरेडी’नंतरच, म्हणजे ॲप पूर्ण उघडल्यावरच, बसायचं. टायमर ‘रजिस्टरइंटरव्हल’मध्ये आणि इव्हेंट ‘रजिस्टरइव्हेंट’मध्ये गुंडाळले नाहीत तर प्लगइन बंद केल्यावरही ते चालूच राहतात. बंद-चालू केलं की टायमरची जोडी तयार.

मजकूर थेट पानाच्या कोडमध्ये ओतणारं इनरएचटीएमएल मात्र तुम्ही लाल शाईनं खोडलंत. नोंदीतला मजकूर तसाच पानात ओतला की त्यात दडलेली आज्ञाही चालते, आणि डेस्कटॉपवर प्लगइनचा हात संगणकातल्या इतर फायलींपर्यंत पोचतो. ‘क्रिएटएल’ आणि ‘सेटटेक्स्ट’ वापरायला चार ओळी जास्त लागतात, लागू देत. नोड आणि इलेक्ट्रॉन या डेस्कटॉपवरच्या तंत्रांचे मॉड्यूल फोनवर नसतातच, तेव्हा एकतर ते काढा, नाहीतर मॅनिफेस्टमध्ये (प्लगइनच्या माहितीच्या फाइलमध्ये) ‘इजडेस्कटॉपओन्ली’ खरं ठेवा. जुन्या आयफोनवर प्लगइन उघडतच नव्हतं, त्याला कारण लुकबिहाइंड, म्हणजे सूत्रातली मागचा मजकूर तपासणारी खूण, आयओएस १६.४ च्या आधी ते चालत नाही. आधीच्या मंडळींनी यावर सुचवलेला उपाय होता नवा फोन घेण्याचा.

तुमच्या शेऱ्यांत ‘हे असलं कुणी लिहिलं?’ असं एकदाही आलं नाही. प्रत्येक ओळीखाली कारण, कारणाखाली पर्याय. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला न हिणवता शिकवावं, एवढा साधा चांगुलपणा या धंद्यात दुर्मीळ का झालाय कोण जाणे. फीबद्दल विचारलं तर तुम्ही विषयच बदललात. एकाच सोलापुरात राहून आधीच्यांची बिलं आणि तुमचं हे वागणं, दोन्ही बघायला मिळालं.

व्हॉल्ट कोडसोबतच ठेवली आहे. दर आवृत्तीआधी प्लगइन तिच्यावर चालवतो आणि ‘पायऱ्या’ यादीत एकदाच येतं का ते पाहतो. प्रकाशनाचंही तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलंय: प्लगइनच्या आयडीतून ‘ऑब्सिडियन’ हा शब्द काढला, मेन, मॅनिफेस्ट आणि स्टाइल्स या तीन फायली सुट्या जोडल्या, आणि प्रकाशनाचा टॅग (आवृत्तीचं लेबल) मॅनिफेस्टमधल्या आवृत्तीशी अक्षरशः जुळवलाय, पुढं ‘व्ही’ न लावता. फक्त सेटिंग्जच्या पडद्यावरची मराठी तुमच्या नजरेखालून जायची राहिली आहे. सवडीनं बघाल?

आपले,
पाळीच्या नोंदी ठेवणारे आम्ही सगळे
सोलापूर