तेल लागताच फुगणाऱ्या व्हॅक्यूम टोप्या आणि अपुरे सूचनापत्रक यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इनटेक मॅनिफोल्डच्या वापरात नसलेल्या निपलांवर बसवायच्या रबरी टोप्या तीन महिन्यांच्या आत दोनदा फाटल्याबद्दल, तसेच संचासोबतच्या धोकादायक सूचनापत्रकाबद्दल

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा व्हॅक्यूम टोप्यांचा संच मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घेतला. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर नळ्या जोडायची जी छोटी तोंडे, म्हणजे निपल, वापरात नसतात ती बंद करायला या टोप्या असतात. त्याबद्दल याआधी दोन ईमेल पाठवले आणि एकदा फोनवर बोलले. दोन्ही ईमेलना उत्तर आले, पण त्या उत्तरांतले म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे. म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, तरी तुमच्या तांत्रिक विभागातल्या कोणीतरी ते शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, 1.6 लिटरची, चार सिलिंडरची आहे. टर्बो नाही. हवा मोजण्यासाठी एअर फ्लो सेन्सर आहे. जुन्या मॅनिफोल्डला फ्लँजजवळ तडा गेला, म्हणून त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलचा वापरलेला मॅनिफोल्ड मी बसवला. बोल्ट जुळले, गॅस्केट जुळले, पण या मॅनिफोल्डवर तीन निपल जास्तीचे निघाले. दोन 4 मिलिमीटरचे आणि एक 6 मिलिमीटरचा. शिवाय आटे पाडलेले एक भोक होते. ज्या जोडण्यांसाठी ते ठेवले होते, त्या माझ्या गाडीत मुळातच नाहीत. म्हणजे कामाची एकही नळी काढून मी तोंड बंद केलेले नाही. ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या उपकरणाची) नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतले, वायू मॅनिफोल्डमध्ये परत नेणारी) नळी आणि टाकीतल्या वाफेची पर्ज नळी या तिन्ही आपापल्या जागी जोडल्या आहेत. हे आधीच सांगते, कारण फोनवर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो “कोणी बसवले?” हा. “मी,” असे सांगितल्यावर पुढचे संभाषण “बसवण्यातली चूक” या दोन शब्दांत आटोपले. मी बारा वर्षे स्वतःच्या गाडीची कामे स्वतः करते आहे. टोपी निपलाच्या कंगोऱ्यापलीकडे पुरती सरकली की नाही, एवढे मला कळते.

आणि ती नीट बसली होती याला पुरावा आहे. बसवल्यावर मी व्हॅक्यूम गेज लावून पाहिला. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) काटा पाऱ्याच्या 19 इंचांवर स्थिर होता, जरासुद्धा थरथरत नव्हता. गाडी छान चालत होती.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर बॉनेटखालून फुसफुस ऐकू आली. आयडलिंग कधी मिनिटाला 1,100 फेऱ्यांवर जायचे, कधी 600 पर्यंत कोसळायचे. त्या दिवशी सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली. मागे वाहनांची रांग असताना पुन्हा पुन्हा चावी फिरवण्याची वेळ आली. मग चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी 0171 हा कोड, म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. इंधनाची दुरुस्ती (मिश्रण सावरायला गाडीचा संगणक आपोआप जास्तीचे देतो ते पेट्रोल) आयडलला 24 टक्के अधिक दिसत होती आणि 2,500 फेऱ्यांवर नेल्यावर 5 टक्क्यांवर उतरत होती. गळती शोधायला काही जण चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनवर ते पेट घेऊ शकते, म्हणून मी ते करत नाही. 6 मिलिमीटरच्या टोपीवर बोट दाबले आणि फुसफुस थांबली. टोपी काढली तर ती बोटांत दबत होती, चिकट आणि ढिली झाली होती, तिचे टोक आत ओढले जाऊन मधोमध चिरले होते.

तुमच्याच संचातली त्याच मापाची दुसरी टोपी लावली. ती 33 दिवस टिकली. या खेपेला टोक नुसते चिरले नव्हते, तुटून नाहीसे झाले होते. बॉनेटखाली तुकडा कुठेच सापडेना, म्हणजे तो आत गेला होता. थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल नावाच्या झडपेचा भाग) उतरवली, तिथेही नव्हता. शेवटी पूर्ण मॅनिफोल्ड काढावा लागला, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेच्या तोंडाशी तेलात माखलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा रबराचा तुकडा चिकटलेला मिळाला. तो इनटेक व्हॉल्व्हखाली अडकला असता तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नसता आणि त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले असते. रविवारचा अख्खा दिवस त्या एका तुकड्यासाठी गेला. गॅस्केट नवे घालावे लागले ते वेगळेच.

डब्यावर तुम्ही छापले आहे : “पेट्रोल, ऑइल व उष्णतारोधक”. म्हणून मी एक साधी चाचणी केली. संचातल्या न वापरलेल्या दोन टोप्या घेतल्या. एक स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून बाटलीत ठेवली, दुसरी कोरडी. चार दिवसांनी कोरडीची लांबी होती तेवढीच, 16 मिलिमीटर. तेलातली 19 मिलिमीटर झाली होती आणि काढून टाकलेल्या दोन टोप्यांसारखीच लिबलिबीत लागत होती. दोघींचे फोटो व्हर्नियरसह सोबत जोडले आहेत. तापवलेलेसुद्धा नव्हते तेल.

मॅनिफोल्डच्या निपलाला तेल लागतेच. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेले वायू पीसीव्हीच्या वाटेने परत मॅनिफोल्डमध्ये येतात आणि सोबत तेलाचे बारीक थेंब आणतात. कोणताही वापरलेला मॅनिफोल्ड उघडा, आतून तेलाचा पातळ थर दिसेलच. त्यात गाडी बंद केल्यावर हवा फिरायची थांबते आणि बॉनेटखालची उष्णता काही काळ वाढतच राहते. या जागेसाठी तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारे रबर लागते. ईपीडीएम रबर उष्णता, ओझोन आणि कूलंट उत्तम सोसते, म्हणून रेडिएटरच्या नळ्या त्याच्या असतात. पण खनिज तेल आणि पेट्रोल त्याला चालत नाही, ते फुगते आणि मऊ पडते. तुमच्या टोप्या अगदी तशाच वागल्या. साधे सिलिकॉनही उष्णतेला चांगले, पण पेट्रोलच्या संपर्कात फुगते. नायट्राइल तेलाला टिकते, फ्लोरोकार्बन रबर तेल आणि उष्णता दोन्हींना. तुमच्या डब्यावर रबराचे नाव कुठेच नाही. ईमेलमध्ये सरळ विचारले, तर “उच्च दर्जाचे रबर” असे उत्तर आले. हे उत्तर नव्हे.

आता तुमच्या पहिल्या ईमेलबद्दल. त्यात लिहिले आहे की गाडी हायवेवर व्यवस्थित चालत असेल तर गळती टोपीतून नाही, कारण टोपी फाटली असती तर जास्त वेगाला त्रास अधिक झाला असता. खरे तर नेमके उलट घडते आणि हे तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत असायलाच हवे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. मॅनिफोल्डमधला दाब तेव्हा 30 ते 40 किलोपास्कल असतो आणि बाहेरचा सुमारे 101. सगळा फरक त्या छोट्या चिरेवर येतो. 3 मिलिमीटरचे भोक असेल तर तेवढ्या फरकाला सेकंदाला साधारण एक ग्रॅम हवा आत घुसते. आयडलला माझे सबंध इंजिनच सेकंदाला जेमतेम 3 ग्रॅम हवा घेते. सेन्सरने न मोजलेली एवढी हवा आली की मिश्रण बिघडणारच. हायवेवर मात्र थ्रॉटल उघडा असतो, मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ जातो आणि ओढ कमी होते. शिवाय तेव्हा इंजिन सेकंदाला वीस-पंचवीस ग्रॅम हवा घेत असते, त्यात चिरेतून येणारी हवा नगण्य ठरते. म्हणूनच माझ्या स्कॅनरवर 24 टक्क्यांचे 5 टक्के झाले. तुम्ही जे टोपी निर्दोष असल्याचे लक्षण म्हणून लिहिले, ते टोपी फाटल्याचेच लक्षण आहे. असे उत्तर वाचून दुसरा एखादा ग्राहक सेन्सर, इंजेक्टर, फ्युएल पंप बदलत बसेल.

दुसऱ्या ईमेलमध्ये होज क्लिप लावा असे सुचवले. क्लिप टोपीला निसटू देत नाही. टर्बोच्या गाडीत बूस्ट टोपीला बाहेर ढकलतो किंवा कधी इंजिनने इनटेकमध्ये भडका मारला तर ती उडते, तिथे क्लिप हवीच. माझी टोपी निसटलेली नाही. तिचे टोक गळून पडले. त्याला क्लिप काय करणार?

पण माझी सर्वात गंभीर तक्रार टोपीबद्दल नसून सूचनापत्रकाबद्दल आहे. त्यात एकूण तीन ओळी आहेत. पहिलीच अशी : “इंजिनवरील सर्व उघड्या निपलांवर योग्य मापाची टोपी बसवा.” सर्व! संचातल्या सर्वात मोठ्या टोप्या मी माझ्या गाडीच्या ब्रेक बूस्टरच्या निपलावर लावून पाहिल्या, सहज बसतात. कोणी दुसऱ्या कामासाठी बूस्टरची नळी काढली, जोडायची राहिली आणि त्या उघड्या निपलावर तुमच्या पत्रकाप्रमाणे टोपी चढवली, तर इंजिन सुरेख चालेल. कसलाही आवाज नाही, दिवा नाही. बूस्टरमध्ये चेक व्हॉल्व्हमुळे (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेमुळे) थोडा व्हॅक्यूम साठून राहतो, म्हणून पहिला एखादा ब्रेकही नेहमीसारखा लागेल. त्यानंतर पेडल दगडासारखे होईल. गाडी थांबवायला पायात जितकी ताकद असेल तितकीच कामी येईल. हे कदाचित पार्किंगमध्ये कळेल, कदाचित उतारावर. पीसीव्हीच्या वाटेवर टोपी बसली तर क्रँककेसमधले वायू कोंडतात आणि सील, गॅस्केट जिथे कच्चे असतील तिथून तेल बाहेर ढकलतात. घरी पहिल्यांदाच बॉनेट उघडणाऱ्या माणसाच्या हातात हे पत्रक पडते. “प्रत्येक निपल कशाचा आहे ते ओळखा; ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीची तोंडे कधीही बंद करू नका” एवढे छापायला किती जागा लागते?

संचातल्या पितळी प्लगबद्दल थोडक्यात. त्यावर नुसते “1/8 पाइप थ्रेड” लिहिले आहे. या नावाचे दोन आटे चलनात आहेत. एकाचे इंचाला 27 आटे आणि कोन 60 अंश, दुसऱ्याचे 28 आटे आणि कोन 55 अंश. हाताने दोन-तीन फेरे एकाचा दुसऱ्यात जातो, मग अडतो आणि माणूस पाना लावून जोर करतो. मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचा, त्याचे आटे गेले की सगळे गेले. मी थ्रेड गेज लावून पाहिले म्हणून वाचले. तुमचा प्लग 27 चा निघाला, माझे भोक 28 चे. तो प्लग मी वापरलाच नाही.

माझी मागणी अशी : संचाची पूर्ण किंमत परत मिळावी, तसेच नव्या गॅस्केटचा खर्च. दोन्हींची बिले सोबत आहेत. माझ्या वेळेची भरपाई मी मागत नाही. त्याऐवजी डब्यावरच्या बॅच क्रमांकाच्या टोप्या तुम्ही स्वतः तेलात ठेवून तपासा आणि निष्कर्ष मला लेखी कळवा. रबर तेलाला टिकणारे नसेल तर त्या बॅचची विक्री थांबवा आणि ज्यांनी ती घेतली आहे त्यांना कळवा. पुढच्या डब्यांवर रबराचे नाव आणि आट्याचे मानक छापा. सूचनापत्रक मात्र पुढच्या छपाईची वाट न पाहता बदला. तोवर विक्रेत्यांकडच्या डब्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवता येईल.

सध्या मी तिन्ही निपलांवर फ्लोरोकार्बनच्या टोप्या आणि भोकात योग्य आट्याचा प्लग बसवला आहे. आयडलची दुरुस्ती 2 टक्क्यांवर आली आहे. त्याचाही स्कॅनरवरचा फोटो जोडते.

सोबत फाटलेल्या दोन्ही टोप्या, मॅनिफोल्डमधून काढलेला तुकडा, चाचणीतल्या दोन टोप्या, पितळी प्लग, सूचनापत्रक आणि डब्याचे झाकण पाठवत आहे. तुकडा तपासून झाल्यावर कृपया परत पाठवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक बिलाच्या प्रतीवर)