त्या फुलदाण्या नव्हेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील प्राचीन ग्रीक कलेवरचा लेख मी दोनदा वाचला. अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर आणि संगमरवरी मूर्ती यांविषयी लेखकाने आस्थेने लिहिले आहे; परंतु सोबत छापलेली चित्रित भांडी ‘फुलदाण्या’ म्हणून एका वाक्यात उरकली आहेत, ते मला मनापासून खटकले. इंग्रजीतील ‘व्हाज’ या शब्दामुळे हा घोटाळा झाला असावा. अँफोरात तेल किंवा द्राक्षमद्य साठवत, क्रेटरमध्ये मद्यात पाणी मिसळत, लेकिथॉसमधले तेल मृतांना वाहत. हायड्रिया तर सरळसरळ पाण्याची घागर. तिला उचलण्यासाठी दोन आडवे आणि ओतण्यासाठी मागे एक उभा, असे तीन कान असत.

ही केवळ शब्दाची चूक नाही. ग्रीकांची भिंतींवरची आणि लाकडी फळ्यांवरची चित्रे जवळजवळ सगळी नाहीशी झाली, ब्राँझचे बहुतेक पुतळे पुढे वितळवले गेले. भाजलेली माती मात्र फुटली तरी कुजत नाही आणि वितळवून कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्यांची चित्रकला कशी वाढली हे आज मुख्यतः या भांड्यांवरूनच वाचता येते. अथेन्सच्या दिपिलॉन दरवाजाजवळ एका स्त्रीच्या कबरीवर इ. स. पू. ७५०च्या सुमारास उभारलेला अँफोरा दीड मीटरहून उंच आहे. त्यावर तिच्या प्रेताभोवती डोक्याला हात लावून शोक करणारी माणसे आहेत, पण त्यांची धडे म्हणजे नुसते त्रिकोण. दोनशे वर्षांनी एक्झेकियास या चित्रकाराने एका अँफोरावर ट्रॉयच्या युद्धकथेतील अकिलीस आणि अजॅक्स हे दोन योद्धे पटावरचा खेळ खेळताना रंगवले. भाले हातात तसेच आहेत, माना पटावर झुकल्या आहेत, आणि एकाच्या तोंडापाशी ‘चार’, दुसऱ्याच्या तोंडापाशी ‘तीन’ असे लिहिले आहे. पुढे दोघांनाही मरण यायचे आहे हे ग्रीक प्रेक्षकाला ठाऊक होते. त्यामुळे त्या शांततेला केवढे वजन येते!

ही काळी-तांबडी रंगसंगती रंगाच्या डब्यातून आलेली नव्हती, तर सारी किमया भट्टीची होती. लोहयुक्त मातीचाच अतिशय बारीक गाळ भांड्यावर लावत. भट्टीत आधी हवा खेळती ठेवली की सगळे तांबडे होई. मग ओली लाकडे घालून, हवेची भोके बुजवून धूर कोंडला की सगळे काळे पडे. शेवटी पुन्हा हवा सोडली की सच्छिद्र माती परत तांबडी होई, पण गाळाचा थर तोवर काचेसारखा घट्ट मिटलेला असल्याने काळाच राही. तापमानमापक नसताना केवळ नजरेच्या अंदाजाने हे साधणारी माणसे कारागीर होती आणि कलावंतही.

इ. स. पू. ५३०च्या सुमारास अथेन्समध्ये तांबड्या मातीवर काळ्या आकृती काढण्याची ही रीत उलटवली गेली. आकृती तांबड्या मातीच्या ठेवून पार्श्वभूमी काळी केल्यामुळे टोकदार हत्याराने कोरण्याऐवजी कुंचल्याने रेघ ओढता येऊ लागली आणि वळलेले अंग, पाठमोरा माणूस चित्रात आला. युथिमिडीस या चित्रकाराने तर नाचणाऱ्यांच्या चित्राशेजारी आपल्या प्रतिस्पर्धी चित्रकाराला उद्देशून ‘युफ्रोनिऑसला असे कधीच जमले नाही’ अशा अर्थाचे शब्द लिहून ठेवले आहेत. दोन हजार पाचशे वर्षांपूर्वीची ती चुरस वाचताना तो कारखाना मला डोळ्यांपुढे दिसतो.

हे कारखाने जिथे होते ते केरामाइकॉस म्हणजे अथेन्सचा कुंभारवाडा. आपण वापरतो तो ‘सिरॅमिक’ शब्दही ‘केरामॉस’ या कुंभारमातीच्या ग्रीक नावावरूनच आला. तिथल्या सह्यांमध्ये लिडॉस, म्हणजे ‘लिडियाचा’ (आजच्या तुर्कस्तानातील एक प्राचीन प्रदेश), असे नाव आढळते. अमासिस हे तर मूळ इजिप्तचे नाव. ग्रीक कलेच्या वाढीत बाहेरून आलेल्या माणसांचा आणि बाहेरच्या संपर्काचा हात होता, हे याहून स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल.

चित्राखालील ओळ कृपया दुरुस्त करावी आणि या मालिकेतील एक संपूर्ण लेख केरामाइकॉसच्या कुंभारांना द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक